मॅडम, मला तर कुत्र्यांची भीती वाटते

"वर्गात व्हीलचेअरवालं मूल येणारे, बाकीच्या पोरांना कळावं म्हणून कुठलं पुस्तक वाचून दाखवू?" मी प्रायमरीला शिकवते आणि रोज वर्गात गोष्ट वाचते, त्यामुळे हे मला कोणी ना कोणी विचारतंच. आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते, पण आधी मी घातलेला घोळ ऐका.

माझ्या वर्गात पहिल्यांदा पायाला कॅलिपर, म्हणजे आधाराच्या पट्ट्या, लावणारी मुलगी आली तेव्हा मी मोठ्या उत्साहात दुसऱ्याच दिवशी एका लंगड्या मुलाची गोष्ट वाचायला घेतली, त्याला सगळे चिडवतात, मग तो बुडणाऱ्या कुत्र्याला वाचवतो आणि मग सगळे त्याचे दोस्त होतात वगैरे. तिसऱ्या पानावरच सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. ती बिचारी खोडरबर कुरतडत बसली आणि मधल्या सुट्टीत येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, मला तर कुत्र्यांची भीती वाटते."

म्हणजे दोस्ती हवी तर आधी काहीतरी शौर्य गाजवा, हेच शिकवलं की मी! जुन्या गाजलेल्या पुस्तकांचं तर विचारूच नका, 'हायडी'तली व्हीलचेअरवरची क्लारा शेवटी चालायला लागते, 'द सीक्रेट गार्डन'मधला कॉलिनही. मला आवडतात ती पुस्तकं, पण शेवट गोड व्हायचा तर खुर्चीतून उठावंच लागतं असं पोरांच्या डोक्यात बसतं त्याचं काय?

आता मी वाचते ते जीन विलिसचं 'सुझन लाफ्स', चित्रं टोनी रॉसची. सुझन हसते, गाते, झोके घेते, चिडते, आणि व्हीलचेअर दिसते ती थेट शेवटच्या पानावर. मग पोरं पानं उलटी चाळत बसतात, आधी कुठे दिसली होती का ते शोधत. मी काही बोलत नाही. जरा मोठ्यांसाठी सीसी बेलचं 'एल डेफो' (२०१४), नीट ऐकू न येणाऱ्या तिच्या स्वतःच्या लहानपणावरचं कॉमिक आहे, त्यात सगळे ससे. टीचरच्या गळ्यात माइक असतो आणि हिच्या कानाच्या मशीनमधून टीचर टॉयलेटला गेल्याचंही हिला ऐकू येतं, इथे वर्ग हसून लोळतो. पण एक मैत्रीण तिच्याशी मुद्दाम मोठ्याने आणि एकेक शब्द ताणून बोलते आणि ती वैतागते, ते वाचलं की पोरं जरा गप्प होतात कारण आपण तेच करतो ना.

आणि मूल आलं त्याच आठवड्यात प्लीज नका वाचू. आधीच, इतर पुस्तकांत मिसळून, काही न सांगता वाचा. कोणी "हिचा पाय असा का?" विचारलं तर श्श करून गप्प बसवू नका, पण उत्तरही तुम्ही परस्पर देऊ नका, तिला सांगायचं असेल तर ती सांगेल, नसेल तर नाही. बाकी खेळाच्या तासाला तिला स्कोअर लिहायला बसवणार असाल तर शंभर पुस्तकं वाचून उपयोग नाही, हेही आलंच.

त्या मुलीने नंतर वर्षभर लायब्ररीतून फक्त भुतांची पुस्तकं नेली.