वादकाच्या जागी वादिका

मिरजेत नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला मी नीतिशास्त्राचे तास घेते. त्या दिवशी चर्चेला दिलेली केस बेतलेली होती: गर्भपातासाठी आलेली 16 आठवड्यांची गरोदर बाई, पदरात दोन मुली, गर्भनिरोधक निकामी ठरल्याचं कारण, सोबत सासू. कायद्यात हे बसतं. 20 आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं आणि सज्ञान बाईची स्वतःची संमती. नवऱ्याची सही कायदा मागत नाही; दवाखाने मागतात, ते वेगळं. प्रश्न नैतिकतेचा होता.

पहिला युक्तिवाद ठरलेला: ठोका ऐकू येतो, म्हणून पाडणं चूक. अशा वेळी मी युक्तिवादात गृहीत धरून गाळलेलं विधान फळ्यावर लिहून घेते: ‘ज्याचं हृदय चालतं त्याचा जीव घेणं चूक.’ आयसीयूत ड्यूटी केलेल्या मुली लगेच अडतात. मेंदूमृत रुग्णाचं हृदय व्हेंटिलेटरवर चालूच असतं, तरी त्याला मृत धरून अवयव काढतात. बरं, ‘आईबाहेर जगू शकेल तोच माणूस’ म्हणावं, तर गर्भाचा दर्जा एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग, किती लांब आहे त्यावर ठरणार. पुण्यात एक, जतच्या वाडीवर दुसरा.

मग तत्त्वज्ञ ज्युडिथ जार्विस थॉमसन यांचा 1971 चा युक्तिवाद घेतला. गर्भ पहिल्या क्षणापासून माणूसच आहे, असं त्या वादापुरतं मान्य करतात. तुम्हाला पळवून नेलंय, एका नामांकित व्हायोलिनवादकाच्या नळ्या तुमच्या मूत्रपिंडांना जोडल्यात, नऊ महिने तशाच राहिल्या तर तो वाचेल. नळ्या काढायचा हक्क तुम्हाला आहे का? वर्ग ‘आहे’ म्हणाला. पळवून नेणं बलात्कारातून राहिलेल्या गर्भाशीच जुळतं, हा नेहमीचा आक्षेपही आला. तो रास्त आहे, म्हणूनच थॉमसन पुढे इतर उदाहरणं रचतात.

तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, “मॅडम, वादक पुरुष असता तर बाईनं नळ्या ठेवल्या असत्या. बाई निघाली म्हणून काढल्या. मग?”

वर्ग गप्प झाला. म्हैसाळ मिरजेच्या शेजारचं गाव. 2017 साली तिथे बेकायदा गर्भपातांनंतर पुरलेले 19 गर्भ सापडले होते, हे कुणाला सांगावं लागत नाही.

हा प्रश्न प्रत्येक युक्तिवादाला वेगळ्या जागी बोचतो. तत्त्वज्ञ डॉन मार्क्विस यांच्या 1989 च्या मांडणीत चूक आहे ती गर्भाचं आपल्यासारखं भविष्य हिरावण्यात. त्यात मुलगा-मुलगी सारखेच, आणि गर्भनिरोधक निकामी झालेली बाईही जवळपास तितकीच दोषी. लिंगनिवडीचं वेगळेपण त्यात दिसतच नाही. तत्त्वज्ञ मेरी अ‍ॅन वॉरन यांच्या 1973 च्या निकषांवर, म्हणजे जाणीव, विचारशक्ती, स्वयंप्रेरित कृती, संवाद आणि स्वतःची ओळख यांवर, गर्भ ‘व्यक्ती’ ठरत नाही. म्हणजे अन्याय शोधायचा तो जिवंत बायकांवरचा. थॉमसन मात्र हक्क आणि सभ्यता वेगळ्या ठेवतात. परदेशवारी लांबू नये म्हणून सातव्या महिन्यात गर्भपात मागणं त्या अशोभनीयच म्हणतात. माझ्या मते मागच्या बाकाला सगळ्यात जवळचं उत्तर हेच: हक्क असूनही कृत्य वाईट असू शकतं.

पण मग नर्सनं कारण विचारायचं का? इथे आपला कायदा हुशारीनं वागलाय. गर्भपाताच्या टेबलावर बाईच्या मनात काय आहे ते खणण्याऐवजी 1994 च्या कायद्यानं लिंग तपासणं आणि सांगणं हाच गुन्हा केला. शिवाय उलट सिद्ध होईपर्यंत बाईवर तपासणीसाठी नवऱ्यानं किंवा नातेवाइकांनी जबरदस्ती केली, असंच न्यायालय धरून चालतं.

“म्हणजे पळवून नेलेलीच की,” तीच मुलगी म्हणाली. ही दुरुस्ती थॉमसनच्या उदाहरणात नाही: नळ्या जोडणारे आणि काढायला लावणारे एकाच घरातले. अशी संमती कागदावर पूर्ण असते, पण हक्काच्या युक्तिवादाला ती पुरत नाही; तो बाईच्या स्वतःच्या निर्णयावरच उभा आहे.

उरलेली वीस मिनिटं सासूला खोलीबाहेर कसं काढायचं यावर गेली. बीपी-वजन घ्यायच्या निमित्तानं बाईला आत घ्यायचं, दार लावायचं, आणि फॉर्म पुढे करायच्या आधी विचारायचं, “ताई, तुम्हाला स्वतःला काय हवंय?”