बेटावरची काच आणि माझी भट्टी

मालवणच्या धक्क्यावर उभं राहिलं की सिंधुदुर्ग किल्ला अगदी समोर दिसतो. १६६४ साली कुरटे बेटावर त्याचं काम सुरू झालं. तिथे जाणारी प्रत्येक वस्तू होडीतून जाते, तेव्हा रिकामी झाल्यावर तीही होडीतूनच परत यायला हवी. प्लास्टिक हलकं असतं, ते कोणीतरी उचलून आणतं. काच जड, फुटली की हात कापणारी. काही बाटल्या माणसांनी टाकलेल्या, काही भरतीनं आणलेल्या, पण खडकांच्या फटींत अडकल्या की वर्षानुवर्षं तशाच.

चार वर्षांपूर्वी मार्चमध्ये आम्ही सातजणी सफाईला गेलो. मे संपता संपता पर्यटकांच्या होड्या बंद होतात, त्यामुळे जे काय करायचं ते आधीच. काचेच्या चार गोण्या भरल्या. होडीवाले काका म्हणाले, "गो बाय, ह्या फुटक्या काचांचा काय करतलंस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. भंगारवाल्यानं अख्ख्या बिअरच्या बाटल्या ठेवून घेतल्या. फुटकी काच गाडीभाड्यालाही परवडत नाही म्हणाला. हे मला फार लागलं. आमच्याच जिल्ह्यातून, कासार्डे भागातून, काच करायची सिलिका वाळू ट्रक भरभरून बाहेर जाते. वाळू होऊन गेलेलं बाटली होऊन परत येतं आणि आमच्याच किनाऱ्यावर पडून राहतं.

मातीकाम करणाऱ्या ओळखीच्या एका ताईंनी त्यांची जुनी विजेची भट्टी मला दिली. भट्टीतल्या फळीवर चिनी माती आणि ॲल्युमिनाचा पातळ लेप द्यायचा, नाहीतर काच फळीलाच चिकटते, हे त्यांनीच शिकवलं. बाटल्या रात्रभर भिजवून लेबलं काढायची, मिठाचा अंश राहू नये म्हणून गोड्या पाण्यात दोनदा धुवायच्या. मग जाड गोणपाटात गुंडाळून हातोडीनं फोडायच्या. डोळ्यांवर चष्मा, तोंडावर मास्क हवाच. कडा वॉटर पेपरनं घासायच्या त्याही पाण्यातच, म्हणजे धूळ उडत नाही.

पहिली वस्तू केली पापलेटची. अंग हिरव्या बाटलीचं, शेपटी तपकिरी. भट्टीतून निघाली तेव्हा इतकी सुंदर होती की मी ती खिडकीत ठेवली. आठव्या दिवशी दुपारी घरात कोणी नसताना टण्णकन आवाज झाला. शेपटी अंगापासून बरोबर जोडावरच सुटली होती. दोन वेगळ्या बाटल्यांची काच थंड होताना वेगवेगळ्या प्रमाणात आकसते आणि जोडावर ताण साठून राहतो. तेव्हापासून एका वस्तूला एकाच बाटलीची काच, हा माझा नियम. अंगणात त्यासाठी वेगवेगळे डबे ठेवलेत.

काच वितळवायला फार वेळ लागत नाही. साधारण ८०० अंशांवर दहा-पंधरा मिनिटं ठेवली की तुकडे एकजीव होतात. फार रेंगाळलं तर वर पांढरट साय धरते. खरा वेळ जातो तो थंड करण्यात. ५४० अंशांच्या आसपास तासभर थांबायचं आणि तिथून अगदी हळूहळू उतरवायचं, नाहीतर एकाच बाटलीच्या काचेतही ताण राहतो. माझ्या भट्टीला सगळे मिळून सोळा तास लागतात. या सोळा तासांतच जूनमधल्या एका वादळी रात्री लाईट गेली. झाकण उघडून बघायचा मोह फार झाला, पण मी वरून पत्रा आणि सिरॅमिक लोकरीचं आवरण टाकलं आणि सकाळपर्यंत हात लावला नाही. नऊपैकी पाच मासे वाचले.

आता वस्तू कोणाच्या हातात देण्याआधी मी तपासते. लॅपटॉपवर पांढरा पडदा लावायचा, त्यासमोर काच धरायची आणि पोलराइज्ड गॉगल (ठरावीक दिशेचाच प्रकाश आत सोडणारा) फिरवत बघायचं. पडदा काळा झाला की काचेतला ताण उजळ डागांसारखा चमकतो. डाग दिसला की तो मासा परत फोडायच्या डब्यात. विकत घेणाऱ्याच्या घरी, लहान मुलाच्या हातात तो तडकलेला मला चालणार नाही.

सगळी काच काही माशांत जात नाही. गेल्या मोसमात वजन करून लिहून ठेवलं: बेटावरून ६४ किलो आली, त्यातली २३ किलो मासे, दिवे आणि तबकड्यांमध्ये गेली. उरलेली बारीक कुटून, चाळून मी अंगणातल्या वाटेच्या काँक्रीटमध्ये वाळूबरोबर थोडी थोडी घातली.

होडीवाल्या काकांनी एक हिरवा बांगडा मागून घेतला. तो त्यांच्या पडवीत पागाच्या, म्हणजे मासे धरायच्या फेकजाळ्याच्या दोरीनं टांगलाय. यंदा किल्ल्याहून परतताना त्यांनी स्वतःच एक गोणी होडीत ठेवली होती, हिरव्या बाटल्या वेगळ्या बांधून.