देवरुखचा मुक्काम

रविवार, रात्री सव्वाबारा

आत्ताच मंगळवेढ्याला उतरलो. आई जेवायला वाढते म्हणाली, नको म्हटलं. झोप काही लागणार नाही, म्हणून लिहून ठेवतोय.

काल पहिल्यांदा तिच्या घरी गेलो, देवरुखला. तिनं फोनवर सगळं बजावून ठेवलं होतं. चपला खळ्यातच काढ, पडवीत नको. आधी आजीच्या पाया पड, मग बाकीच्यांच्या. बाबा कमी बोलतात, मनाला लावून घेऊ नकोस. मी तर पगार, बदली, कर्जाचे हप्ते, सगळ्याची उत्तरं घोकून गेलो होतो. तिच्या बाबांनी, म्हणजे काकांनी, त्यातलं काहीच विचारलं नाही. चहाची कपबशी खाली ठेवली आणि म्हणाले, "तुमच्याकडे ज्वारीला पाणी किती देता?"

"एकदाही नाही," मी म्हणालो.

त्यांना खरं वाटेना. मग मी मोकळा झालो. आमचं काळं रान, सप्टेंबरचा पाऊस मुरला की त्या ओलीवर पेरायचं, आणि थेट फेब्रुवारीत सुगी. वर्षाकाठी ५००-५५० मिलिमीटर पाऊस, तोही नेमाचा नाही, तरी मालदांडी ज्वारी येते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हेही अभिमानानं सांगितलं. काका खळ्यातल्या भाताच्या भाऱ्यांकडे बघत राहिले. "आमच्याकडे ३००० च्या वर पडतो," ते म्हणाले, "पण कातळ पाणी धरत नाही. उन्हाळ्यात विहीर तळाला जाते." त्यानंतर दिवेलागणीपर्यंत आम्ही दोघं माती-पाण्यावरच बोलत बसलो. तो तास मला फार आवडला.

चूक झाली ती रात्री. काकूंनी विचारलं, "मासे खाता ना? आज शनिवार, उद्या करीन."

"हो, खूप आवडतात."

साफ खोटं. आमच्या घरी मटण होतं, मासा कधी शिजलेला नाही. वासानंच मला मळमळतं. पण 'नाही' म्हटलं तर त्यांना वाटेल, आपल्या मुलीचं त्या घरात कसं होणार. या भीतीनं बोलून गेलो.

आज सकाळी काकू स्वतः बाजारात जाऊन बांगडे घेऊन आल्या. तिरफळं घालून आमटी केली, चार तुकड्या तळल्या. पहिल्याच घासाला काटा लागला. मी पाणी प्यायलो, मान वर केली नाही. काकू काही बोलल्या नाहीत. ताटातला बांगडा त्यांनी आपल्याकडे ओढला, अंगठ्यानं पाठीवरून अलगद उकलला, मधला काटा शेपटीपर्यंत अख्खा सोडवून काढला, बाजूचे बारीक काटे एकेक करून वेचले आणि पांढरं मांस माझ्या भातावर ठेवलं. मनगटावर तेलाचा ताजा चटका होता. त्या तुकड्या तळतानाच उडालं असणार. मी सगळं संपवलं, पण घास गिळवत नव्हता, आणि कारण वास नव्हता.

हात धुवायला मागील दारी गेलो. त्या तांब्यानं पाणी घालत होत्या. तिथंच सांगून टाकलं, "काकू, मी मासे खात नाही. काल खोटं बोललो."

पाण्याची धार थांबली. "मग सकाळी तरी सांगायचं होतंस. पिठलं टाकलं असतं." आवाज दुखावलेला होता. मी माफी मागितली. त्या 'असू दे' वगैरे काही म्हणाल्या नाहीत, तांब्या ठेवून आत गेल्या. निघेपर्यंतचा वेळ मला जड गेला. तिला सांगितलं तर तीही गप्प झाली.

दोनची गाडी होती. निघताना काकूंनी हातात कुळथाच्या पिठाची पिशवी ठेवली. "पुढच्या वेळी काय खातोस ते आधी कळव."

साखरप्यापासून आंबा घाट चढेपर्यंत तेवढंच डोक्यात घोळत होतं. काल 'खाता' होतं, आज 'खातोस'.

पिशवी स्वयंपाकघरात ठेवली आहे. सुगी झाली की काकांना दोन पायली मालदांडी पाठवायची आहे, त्यांनी मागितली आहे. उद्या आईला कुळथाचं पिठलं करायला सांगतो.