अलार्म वाजला तरी घरातच बसा!

दर मंगळवारी सकाळी अकराला आमच्या इमारतीतला फायर अलार्म वाजतो आणि कुणी जागचं हलत नाही. चाचणी असते ती. लाउंजमध्ये पत्ते कुटणारे आजी-आजोबा हातातलं पानसुद्धा खाली ठेवत नाहीत. पण खरोखर आग लागली तरी बहुतेकांनी आपापल्या घरातच थांबायचं असतं, हे सांगितलं की नाशिकची माहेरची मंडळी मला वेड्यात काढतात.

इंग्लंडमध्ये लेस्टरजवळच्या एका ‘इंडिपेंडंट लिव्हिंग’ इमारतीत मी मॅनेजर आहे. वृद्धाश्रम नव्हे हं. ज्येष्ठांसाठीचे स्वतंत्र फ्लॅट. स्वयंपाकघर ज्याचं त्याचं, किल्ली ज्याची त्याची. सामायिक काय, तर लाउंज, लाँड्री, जिने आणि लांबलचक कॉरिडॉर. रात्री इमारतीत कर्मचारी नसतो. घरातली लाल दोरी ओढली की कंट्रोल सेंटरमधून कुणीतरी बोलतं, तेवढाच आधार.

घरात थांबायचं ते दाराच्या भरवशावर. फ्लॅटचं दार निदान अर्धा तास आग थोपवेल असं बनवलेलं असतं. दाराच्या कडेला एक बारीक पट्टी असते, ती तापली की फुगते आणि फट बुजवते. तिच्या जोडीचे ब्रशसारखे केस धूर अडवतात. वर क्लोजर, म्हणजे दार आपोआप बंद. ज्याच्या घरात आग लागली त्याने आणि लाउंजमध्ये असणाऱ्यांनी बाहेर पडायचं, बाकीच्यांनी दार लावून बसायचं. ऐंशी वर्षांच्या माणसांना अपरात्री जिन्यावरून उतरवण्यापेक्षा हे बरं. अट एकच: कॉरिडॉरमध्ये जळण्यासारखं काही नको आणि दारं बंद हवीत.

हा भरवसा कसा फसतो ते १४ जून २०१७ ला लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये दिसलं. चौथ्या मजल्यावर फ्रिजपासून लागलेली आग क्लॅडिंगमधून, म्हणजे बाहेरच्या भिंतींवर बसवलेल्या आवरणातून, चोवीस मजली इमारतभर चढली. ‘घरातच थांबा’ हा सल्ला रात्री २ वाजून ४७ मिनिटांनी मागे घेतला, तोवर फार उशीर झाला होता. ७२ माणसं गेली. २००५ च्या अग्निसुरक्षा कायद्यात बाहेरच्या भिंती आणि फ्लॅटची दारं येतात की नाही, यावरचा वाद २०२१ च्या दुरुस्तीने मिटला: येतात. जानेवारी २०२३ पासून ११ मीटरपेक्षा उंच इमारतींत सामायिक जागेतली दारं दर तीन महिन्यांनी तपासावी लागतात, फ्लॅटची वर्षातून एकदा. आमची इमारत तेवढी उंच नाही, तरी मी तपासतेच.

तपासणीत हमखास सापडते ती दाराखाली सरकवलेली लाकडी पाचर. क्लोजर जड, वॉकर घेऊन येणाऱ्या बाईने ते दार ढकलायचं कसं? मी पाचर काढते, दुसऱ्या दिवशी नवी हजर. एरवी हलकं फिरणारं आणि अलार्म वाजल्यावरच मिटणारं क्लोजर बाजारात मिळतं. ते बसवा म्हणून मी वरती लिहून लिहून थकले. उत्तरात पाचर वापरू नये असं पत्रक येतं.

आमच्याकडे एक मराठी काकू आहेत, मूळच्या सांगलीच्या. त्यांच्या चपला दाराबाहेर. “अगं, बाहेरून आलेल्या चपला घरात घ्यायच्या? शोभतं का?” दोन चपलांनी इमारत पेटत नाही, हे मलाही कळतं. पण धुरात भिंत चाचपत निघालेल्याचा पाय त्यांच्यातच अडकेल, शिवाय आज चपला, उद्या रॅक, परवा वर रद्दी. शेवटी दाराच्या आत पत्र्याचा ट्रे ठेवला. दिवाळीतल्या उंबऱ्याबाहेरच्या पणत्यांवर मात्र अजून तह झालेला नाही.

काही संस्था पायपुसणंही ठेवू देत नाहीत. ते मला पटत नाही. विसरभोळेपणा वाढलेल्या आमच्या एका आजोबांना आपलं दार सापडतं ते बाहेरच्या चिनी मातीच्या कुंडीमुळे. ती कुंडी मी हलवणार नाही.

आपल्याकडेही महाराष्ट्रात अग्निसुरक्षेचा २००६ चा कायदा आहे. सोसायटीने जानेवारी आणि जुलैत फॉर्म बी, म्हणजे आगीपासून बचावाची यंत्रणा ठीक असल्याचा दाखला, द्यायचा असतो. फॉर्म जातो, पॅसेजमधलं कपाट आणि सायकली तिथेच राहतात.

आमच्याकडे सायकलींच्या जागी मोबिलिटी स्कूटर, म्हणजे चालायला त्रास होणाऱ्यांची बॅटरीवरची छोटी गाडी. कॉरिडॉरच्या सॉकेटला लावून रात्रभर चार्जिंग. लिथियम बॅटरी बिघडली की आग झपाट्याने पसरते, धूर विषारी, आणि तोही नेमका बाहेर पडायच्या वाटेवर. इथे मी कुणाचं ऐकत नाही. बागेत वेगळी शेड बांधली आहे, आत प्लग आहेत. पण शेडपर्यंत पावसात चालत जायचं, तर स्कूटर कशाला घेतली, असं मागच्या फ्लॅटमधल्या आजी विचारतात, आणि त्यांचं चूक नाही. झाकलेल्या वाटेचा खर्च मंजूर व्हायचा आहे. तोवर रोज संध्याकाळी त्यांची स्कूटर मीच शेडमध्ये लावते आणि सकाळी दारात आणून देते. हे माझ्या कामात बसत नाही, असं ऑफिसने दोनदा कळवलंय.