रामू द्वार ते चीकू द्वार, आणि त्यापुढे

भोपाळच्या मोठ्या तलावाच्या काठानं सलग चालता येईल का, हा विषय माझ्या मावसभावाच्या चालणाऱ्या ग्रुपमध्ये गेली काही वर्षं घोळतोय. रोज सकाळी बोट क्लबवर जमणारी ही मंडळी, बहुतेक निवृत्त. त्यांचं म्हणणं असं की बोट क्लबचा काठ आहे, त्याला लागून वन विहार हे राष्ट्रीय उद्यान आहे, शेजारी श्यामला हिल्सवर मानव संग्रहालयाचा अख्खा डोंगर आहे, पलीकडे भदभदा धरण आणि सैर सपाटा ही बाग आहे. चालायच्या वाटा सगळीकडे आहेतच, मग त्या जोडून घ्यायला काय हरकत आहे? दादाचा फोन आला, "पवईच्या सायकल ट्रॅकच्या वेळी तू एवढी पळापळ केलीस. आता इथं येऊन बघ आणि काय ते सांग."

पवईचं अनेकांना आठवत असेल. मुंबईतल्या त्या तलावाच्या काठानं सायकलींसाठी आणि चालणाऱ्यांसाठी ट्रॅक बांधायला घेतला होता. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो बेकायदा ठरवला आणि झालेलं बांधकाम काढून जागा पूर्ववत करायला सांगितली. सायकलींना आमचा विरोध कधीच नव्हता. मगरी ज्या काठावर ऊन खायला येतात तिथं भराव टाकू नका, एवढंच आम्ही म्हणत होतो. त्यामुळे तलावाभोवती 'सलग' काही करायचं म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. तरी गेले, कारण चालणं मला अतिशय प्रिय आहे आणि फेब्रुवारीतलं भोपाळ त्याहून.

मावशीकडे पोचले तो दिवस बोलण्यात आणि खाण्यात गेला. "अगं, चालायला आलीस की मोजायला?" असं विचारून तिनं पोहे-जलेबीची बशी पुढं केली, ती रिकामी होईस्तोवर हलू दिलं नाही. इतकी वर्षं भोपाळात काढून तिच्या मराठीत अर्धी हिंदी मिसळली आहे, पण आग्रह अजून अस्सल जळगावचा.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही बोट क्लबवर होतो. संध्याकाळी इथं पाय ठेवायला जागा नसते, मला तर तेव्हा गुदमरायला होतं. सकाळी मात्र पाणी दूरवर पसरलेलं दिसतं आणि राजा भोजानं अकराव्या शतकात कोलांस नदीवर बांध घालून केवढं मोठं काम करून ठेवलंय ते कळतं. तलाव काठोकाठ भरला की साधारण एकतीस चौरस किलोमीटर पाणी असतं. भोपाळच्या माणसाला घरचा फोन नंबर आठवणार नाही, पण १६६६.८० फूट हा आकडा पाठ असतो. ती तलावाची पूर्ण भरण्याची पातळी, इथं सगळे तिला एफटीएलच म्हणतात. पावसाळ्यात पाणी तिथवर आलं की भदभद्याचे दरवाजे उघडतात आणि निम्मं शहर ते बघायला लोटतं. शहराच्या मोठ्या भागाला प्यायला हेच पाणी आहे. २००२ पासून हा आणि शेजारचा छोटा तलाव मिळून 'भोज वेटलँड' म्हणून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहेत. तेव्हा वाट जोडायची ती अशा पाण्याच्या काठानं, हे चालताना सतत डोक्यात ठेवावं लागतं.

बोट क्लबपासून वन विहाराचं रामू द्वार अगदी जवळ. इथं जोडायचं काही शिल्लकच नाही, तिकीट काढा आणि आत शिरा. आतला रस्ता पलीकडच्या चीकू द्वारापर्यंत साधारण पाच किलोमीटर. उजव्या हाताला तलाव, डाव्या हाताला डोंगर आणि मधे जेमतेम दोन गाड्या जातील एवढा डांबरी रस्ता. १९८३ साली राष्ट्रीय उद्यान झालेली ही जागा ४४५ हेक्टरांची, म्हणजे लहानशीच. वाघ, सिंह, मदाऱ्यांकडून सोडवलेली अस्वलं डोंगराच्या बाजूला मोठाल्या कुंपणांत असतात. त्यांना जंगलातून पकडून आणलेलं नाही. कुणी अनाथ सापडलेलं, कुणी सर्कशीतून सुटलेलं. चितळ, सांबर, नीलगाई मात्र मोकळ्या फिरतात.

आता ज्या प्रसंगासाठी हे सगळं लिहायला बसले, तो सांगते.

निम्मा रस्ता झाला असेल. दादा पुढं, मी मागं, आजूबाजूला आठदहा चालणारे. डोंगराकडच्या गवतातून चितळांचा कळप उतरला. पहिली मादी रस्त्याच्या कडेला येऊन थांबली, कान एकदा पुढं, एकदा मागं. मग डांबरावर तिच्या खुरांचा टक टक असा कोरडा आवाज आला आणि ती पाण्याकडे उतरली. तिच्यामागून दुसरी, तिसरी. एक नर होता, त्याच्या शिंगांवर अजून मखमल होती आणि उन्हात तिची लव सोनेरी दिसत होती. आमच्यातले सगळे जागच्या जागी उभे राहिले. कुणी सांगितलं नव्हतं. दादाच्या ग्रुपमधल्या एका बाईंनी मागच्यांसाठी फक्त हात वर केला. कळप पाण्याशी गेला, माना खाली घातल्या. शेवटचं पाडस तेवढं रस्त्याच्या अलीकडे राहिलं होतं. त्याचे पुढचे दोन पाय डांबरावर, मागचे गवतात.

तेवढ्यात मागून गाडी आली. मी गेले तेव्हा मोटारींना आत सोडत होते. गाडीनं एकदाच हॉर्न दिला, तोही फार मोठा नव्हे. पण पाडस वळलं आणि डोंगराकडे पळालं. पाण्याजवळच्या मादीनं मान वर केली आणि कुत्रं भुंकावं तसा तीक्ष्ण आवाज काढला. सगळ्या माना एकदम वर आल्या. पाणी नीट न पिताच अख्खा कळप परत वळला आणि आमच्यापासून चार हातांवरून उड्या मारत गवतात दिसेनासा झाला. त्या बाई गाडीशी जाऊन चालवणाऱ्याशी शांतपणे बोलल्या. त्याच्या बायकोनं मागच्या सीटवरून हात जोडले. मुलांना चितळ दाखवायलाच आणलं होतं हो, असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती आणि तिचं ते म्हणणं खरंच होतं.

मी बराच वेळ कठड्याशी उभी राहिले. मला राग आला होता आणि तो फक्त त्या गाडीवर नव्हता. ज्या रस्त्याला आम्ही 'वाट' म्हणत होतो, त्यावरून आम्ही लांबीनं जात होतो आणि चितळं आडवी जात होती. त्यांची वाट डोंगरापासून पाण्यापर्यंतची, आणि ती आमच्या वाटेहून जुनी. आत्ता आठदहा माणसं होती म्हणून सगळी थांबू शकली. जोडवाट झाली, नकाशावर आली, तिच्यावर शर्यती आणि सायकल राइड सुरू झाल्या की तीनशे माणसं थांबणार आहेत का? नाही थांबणार. इच्छा असूनही नाही थांबता येणार.

चीकू द्वारातून बाहेर पडलो. ज्या तुटलेल्या जागेबद्दल ग्रुपमधलं कुणीच बोललं नव्हतं, ती इथं सापडली. इथून भदभदा आणि सैर सपाट्याकडे जायचं तर शहराचा साधा वाहता रस्ता. मला तरी सलग फूटपाथ मिळाला नाही. कधी कडेची माती, कधी गटाराची झाकणं, कधी सरळ गाड्यांच्या अंगाला लागून. पाच किलोमीटर पक्ष्यांचे आवाज ऐकत आलेला माणूस इथं जीव मुठीत धरून चालतो. दादा म्हणाला, "इथून सगळे रिक्षा करतात." म्हणजे जोड हवा आहे तो इथं! पाण्यात नाही, जंगलात नाही. हमरस्त्याच्या कडेला दोन मीटर रुंदीचा, चढउतार नसलेला साधा फूटपाथ. त्यासाठी तलावाचा एक दगड हलवावा लागणार नाही.

प्रेमपुऱ्याच्या बाजूला काठाशी उतरलो तेव्हा मी मुनार बघायला मागितली. एफटीएलची हद्द दाखवायला तलावाभोवती जे खांब रोवलेत त्यांना इथं मुनार म्हणतात. फेब्रुवारीत पाणी उतरलेलं असतं, त्यामुळे खांब कोरड्यात उभा होता. बुंध्याशी वाळलेलं शेवाळ, वर हाताच्या उंचीपर्यंत पाण्याची पांढरी रेघ, भोवती कोवळं गवत. त्याच्या पलीकडे पाण्याच्या बाजूला कुणाचे तरी चाकांचे ताजे माग. उन्हाळ्यात ती जमीन रिकामी दिसते आणि कुणालाही वाटतं, इथून किती छान पायवाट काढता येईल. पण पाणथळ जागांचे २०१७ चे नियम स्पष्ट आहेत. नियम लागू झाले त्याआधीच्या दहा वर्षांतल्या सरासरी पूररेषेपासून पन्नास मीटरच्या आत कायमचं बांधकाम चालत नाही. बोटींचा धक्का सोडला तर काहीच नाही. पवईलाही हेच नियम आडवे आले होते. मी दादाला खांबापासून पावलं मोजत वर नेलं आणि दाखवलं की त्यांच्या ग्रुपनं कागदावर आखलेली 'लेकसाइड' पट्टी जवळजवळ सगळी त्या पन्नास मीटरांत पडते.

दुपार मानव संग्रहालयात. दोनशे एकरांचा डोंगर, त्यावर देशभरातली आदिवासी घरं, त्या त्या समाजाच्या माणसांनी येऊन आपल्या हातानं बांधलेली. वारल्यांचं घर बघताना मला डहाणूकडच्या कुडाच्या भिंतींचा वास आठवला. डोंगरात जुन्या काळी रंगवलेले शैलाश्रयही आहेत, मुद्दाम मांडलेले नव्हेत, तिथलेच. माझ्या मते भोपाळमधली चालायला सगळ्यात सुंदर जागा हीच, आणि सगळ्यात मोकळीही.

ग्रुपचा सगळ्यात लाडका प्रस्ताव इथलाच: संग्रहालयाच्या उतारावरून खाली वन विहारात उतरणारं एक छोटं फाटक. उतारावर उभं राहिलं की मोह होतो हे मी मान्य करते. खाली तलाव चकाकत असतो आणि आपण आत्ता दहा मिनिटांत तिथं पोचू असं वाटतं. पण वन विहार उजाडताच उघडतं आणि संग्रहालय सकाळ सरल्यावर. सुट्टीचे वारही वेगळे. सकाळी चालणाऱ्यांना ते फाटक बंदच मिळणार. उपयोग होईल तो दुपारच्या गर्दीला, आणि ती गर्दी उतरणार डोंगराच्या त्या बाजूनं, जिथून चितळं खाली येतात. माझा या फाटकाला ठाम विरोध आहे. हे मी दादाला तिथंच, उन्हात उभं राहून सांगितलं. त्याला आवडलं नाही. "म्हणजे बघायला बोलावलं आणि नाही म्हणून चाललीस," असं म्हणाला आणि गाडीत बसेपर्यंत गप्प राहिला.

तलावाकाठच्या व्हीआयपी रोडची बाजू मी संध्याकाळी पाहिली. चालता येतं, पण वाहनांच्या आवाजात मला पाणी दिसत असूनही जाणवत नाही. त्याबद्दल यापेक्षा जास्त लिहावंसं वाटत नाही.

रात्री जेवणं झाल्यावर ग्रुपमधले चौघे मावशीकडे आले. सुलेमानी चहा झाला आणि नकाशा पसरला. मी माझं म्हणणं मांडलं. बोट क्लब ते भदभदा हा मार्ग होण्यासारखा आहे आणि त्यासाठी नवीन वाट लागत नाही, फक्त चीकू द्वारापासून पुढचा फूटपाथ लागतो. वन विहारातला भाग जोडवाट म्हणून जाहीर करू नये, त्याला फाटे फोडू नयेत आणि तिथं एका वेळी किती माणसं सोडायची यावर मर्यादा मागावी. संग्रहालय स्वतंत्र ठेवावं, वरच्या रस्त्यानं जाऊन वरच्या दारानं शिरावं. काठाच्या पट्टीवर रेघही ओढू नये.

सकाळी ज्यांनी हात वर केला होता, त्या बाई लगेच माझ्या बाजूनं बोलल्या. बँकेतून निवृत्त झालेल्या काकांचा मुद्दा वेगळा होता आणि तो मला अजून छळतोय. ते म्हणाले, "माणसं आली नाहीत तर या तलावासाठी भांडायला उद्या कोण उभं राहील? मी चालत होतो म्हणून मला मुनार माहीत आहे." याला माझ्याकडे पुरतं उत्तर नव्हतं. मी एवढंच म्हटलं की माणसं येऊ देत, पण रस्त्याच्या बाजूनं येऊ देत. त्यावर बाराच्या पुढंही बोलणं चालूच राहिलं. मावशी दोनदा दिवा मालवायला आली.

फूटपाथच्या अर्जावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. मसुदा मीच लिहिला, दादानं त्याची हिंदी केली आणि मी मुंबईच्या गाडीत बसायच्या आधी त्यावर सह्या सुरू झाल्या होत्या. फाटकाचा मुद्दा त्यात नाही. दादा म्हणतो, तो तूर्तास बाजूला ठेवलाय. मी म्हणते, कायमचा.