नववीचा हजेरीपट

कोकण विभागीय मंडळाचा दहावीचा निकाल २०२४ मध्ये ९९.०१ टक्के आणि २०२५ मध्ये ९८.८२ टक्के लागला. हा विभाग वर्षानुवर्षे राज्यात पहिला येतो आणि त्यामागे मुलांचे व शिक्षकांचे कष्ट आहेत, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. मात्र ही टक्केवारी परीक्षेला बसलेल्या मुलांची असते. त्याच तुकडीबरोबर नववीत आलेला आणि आज हर्णैच्या किंवा मिरकरवाड्याच्या बंदरात जाळी ओढणारा मुलगा त्या हिशेबात कुठेच धरलेला नसतो. किनाऱ्यावरच्या हायस्कुलात गणित शिकवताना माझे मत असे झाले आहे की गळती थांबवायची असेल, तर नजर दहावीच्या निकालावर नव्हे, नववीच्या पहिल्या सत्रावर हवी.

शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी, म्हणजे आठवीपर्यंतच आहे. पोषण आहार आठवीपर्यंत आणि मोफत पाठ्यपुस्तकेही आठवीपर्यंत. नववीत आल्याबरोबर हे आधार सुटतात आणि अभ्यास मात्र एकदम चढणीला लागतो. अपूर्णांकांची बेरीज न जमणारा मुलगा जूनमध्ये संच कसेबसे निभावतो, वास्तव संख्यांपाशी अडखळतो आणि बहुपदी येईपर्यंत वहीच उघडेनासा होतो.

नेमक्या त्याच सुमारास समुद्र खुला होतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असल्यामुळे तोवर कोळीवाड्यातील मुले वर्गात असतात. ऑगस्टमध्ये होड्या बाहेर पडल्या की खलाशी कमी पडतात आणि पंधरा वर्षांचा अंगापिंडाने थोराड मुलगा आधी रविवारी, मग ‘एवढ्या फेरीपुरता’ म्हणून जातो. हजेरीपटावर प्रथम सोमवारची गैरहजेरी दिसते, मग सोमवार-मंगळवारची, आणि पुढे आठवडाच कोरा जातो. गणपतीला आलेले चाकरमानी परतताना एखाद्या पुतण्याला दुकानात लावून देतो म्हणून मुंबईला नेतात. दिवाळीनंतर रायगडातील कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांची आणि कोळशाच्या भट्ट्यांची वाट धरतात. मुले कधी जाणार हे इतके आधी ठाऊक असताना शाळेचा निरोप मात्र महिन्याभराने घरी पोहोचतो, आणि तोवर मालकाकडून घेतलेली उचल खर्चही झालेली असते. उचल फिटल्याशिवाय मुलगा परत येणार कसा?

म्हणून सलग तिसऱ्या गैरहजेरीला वर्गशिक्षकाने स्वतः घरी जावे, असे मी आग्रहाने सांगत आलो आहे. गरिबीचे कारण तिथे ऐकायला मिळतेच, पण अनेकदा आई एवढेच म्हणते, “गुरुजी, त्याला काय येतच नाय, तर नुसता बसवून काय करू?” या प्रश्नाला उपदेशाने उत्तर देता येत नाही. शाळा भरण्यापूर्वी पाऊण तास पाचवी-सहावीचे गणित आणि मोठ्याने वाचन, तेही कोणालाही ‘ढ’ न ठरवता घेतले, तरच ते उत्तर ठरते. फेरीच्या विक्रीतून डिझेल आणि बर्फाचा खर्च वजा जाता उरलेल्या रकमेचे वाटे कसे पडतात, हे फळ्यावर मांडले की जी मुले अपूर्णांकाच्या नावाने मान खाली घालत होती, तीच माझा हिशेब दुरुस्त करतात. या मुलांची बुद्धी कमी पडत नाही, हे मी स्वतः पाहिलेले आहे.

मुलींच्या बाबतीत अडचण बहुधा रस्त्याची असते. त्यांना एसटीचा पास मोफत मिळतो, पण वाडी डोंगराच्या उतारावर, शाळा सुटते पाचला आणि वस्तीची गाडी येते अंधार पडल्यावर. अशा वेळी मुलीला घरी ठेवणाऱ्या आईबापांना मागासलेले म्हणणे अन्यायाचे आहे. ग्रामसभेचा ठराव आणि शाळेचे पत्र एकत्र घेऊन आगारप्रमुखांकडून शाळेच्या वेळेची फेरी मागून घेणे हेही गळती रोखण्याचेच काम आहे.

एका गोष्टीचा मला मनापासून विरोध आहे. निकाल शंभर टक्के राहावा म्हणून नववीतल्या कच्च्या मुलाला ‘१७ नंबरचा फॉर्म भर’, म्हणजे शाळा सोडून दहावीला बाहेरून बस, असे सुचवले जाते. शाळा आधीच सुटलेल्यांसाठी तो फॉर्म मोठा आधार आहे. वर्गात बसलेल्या मुलाला मात्र तो दाखवणे म्हणजे त्याला बाहेर काढणेच होय. दहावीच्या निकालाच्या फलकावर ती तुकडी नववीत आली तेव्हाचा पटही लिहिण्याची सक्ती झाली, तर हा प्रकार पुष्कळ आटोक्यात येईल.

जी गेली आहेत त्यांची नावे शाळेला मिळू शकतात. शाळा सोडून दुसरीकडे कुठेही प्रवेश न घेतलेली मुले युडायस प्लस या शाळा-विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीतील ‘ड्रॉप बॉक्स’मध्ये दिसतात. ती यादी जूनमध्येच काढून, जाळी दुरुस्त करत किनाऱ्यावर बसलेल्या त्या मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना ऑगस्टची उचल ठरण्यापूर्वी भेटावे. जाताना प्रवेशाचा अर्ज, जुनी पुस्तके आणि सकाळच्या त्या पाऊण तासाची वेळ लिहिलेला कागद सोबत असावा.