‘माय प्लेस’ आणि माझा अडकलेला निबंध

ऑस्ट्रेलियात पर्थमधल्या ओळखीच्या मराठी घरांतलं कुणी ना कुणी दर वर्षी अकरावीत जातं आणि मला मेसेज येतो, ‘ताई, आम्हाला माय प्लेस लावलंय, तुझ्या नोट्स आहेत का?’ आहेत. पण मी जिथं अडकले होते त्यावर त्या नोट्समध्ये एक ओळही नाही. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते, म्हणजे पुढच्या वर्षी नुसती लिंक पाठवता येईल.

पुस्तक सॅली मॉर्गनचं. ती पर्थचीच, जन्म १९५१. १९८७ साली फ्रीमॅन्टलच्या एका छोट्या प्रकाशनानं हे आत्मचरित्र काढलं आणि ते देशभर वाचलं गेलं. मॅनिंग या उपनगरात वाढणारी पाच भावंडं, दुसऱ्या महायुद्धात कैदेत राहून आलेले आणि त्यातून कधीच न सावरलेले वडील, घर ओढणारी आई ग्लॅडिस, आणि आजी डेझी. शाळेतली मुलं विचारतात, तुम्ही कुठले? आई म्हणते, इंडियन म्हणून सांगा. मुलांना ते पटतं. सॅली पंधरा वर्षांची होते तेव्हा कुठे तिला कळायला लागतं की आपण इथल्या मूळ रहिवाशांपैकी, म्हणजे अ‍ॅबोरिजिनल आहोत. मग ती घरच्यांच्या मागे लागते, थेट उत्तरेकडच्या पिलबारा भागापर्यंत जाऊन मार्बल बारजवळच्या कोरुना डाउन्स या स्टेशनवरची आपली माणसं शोधते. (इथं स्टेशन म्हणजे रेल्वेचं नव्हे. हजारो एकरांची गुरामेंढरांची वसाहत.)

वाचायला पुस्तक सोपं आहे. इंग्रजीला घाबरणाऱ्या आयांनी उगाच टेन्शन घेऊ नये.

इंडियनच्या पानावर आलो तेव्हा वर्गातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी नाशिकहून नववीत इथं आलेली आणि त्या वर्गात भारतीय मी एकटीच. मिसनं अगदी प्रेमानं विचारलं, ‘तुला हे वाचून काय वाटतं?’ मी ‘इंटरेस्टिंग’ म्हणून सुटका करून घेतली. शेजारच्या मुलाला आयर्लंडबद्दल कुणी असं विचारत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. असो.

खरी कटकट निबंधाची. आत्मचरित्रात ओळख कशी उभी केली जाते, अशा धर्तीचा विषय होता. मी ठरवलं की त्या ‘इंडियन’वरच लिहायचं. घरी बोलणं झालं तेव्हा बाबा म्हणाले, ‘खोटंच सांगायचं होतं तर ग्रीक का नाही सांगितलं?’ रंगामुळे, हे उघड आहे. पण भारतीय असण्याला तेव्हा इथं काही मान होता अशातला भाग नाही. १९०१ च्या कायद्यापासून सुरू झालेलं गोऱ्या ऑस्ट्रेलियाचं धोरण अजून मोडीत निघालं नव्हतं, आपल्या लोकांना इथं येऊन राहणंच मुश्कील होतं. तरी त्या खोट्यात एक संरक्षण होतं. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या १९०५ च्या कायद्यानं अ‍ॅबोरिजिनल आणि मिश्र वंशाच्या मुलांचं कायदेशीर पालकत्व सोळा वर्षांपर्यंत सरकारच्या ‘चीफ प्रोटेक्टर’कडे दिलं होतं. आई जिवंत असली तरी पालक तो. ए. ओ. नेव्हिल नावाचा माणूस १९१५ ते १९४० त्या खुर्चीवर होता. भारतीय मुलांवर त्या खुर्चीची सत्ता चालत नव्हती. ग्लॅडिस स्वतः लहानपणी आईपासून तोडून पार्करव्हिलच्या बालगृहात ठेवलेली. पुढे कायदे बदलले, पण तिची धास्ती कशी जाणार?

मला वाटलं, मी कमाल केली आहे. ड्राफ्ट परत आला तेव्हा पानभर मजकुराच्या शेजारी उभी रेघ आणि दोन शब्द, म्हणजे ही नुसती पार्श्वभूमी झाली, विश्लेषण कुठे: ‘कॉन्टेक्स्ट. अ‍ॅनालिसिस?’

शाळेचा नियम असा की लेखी शेरे एकाच ड्राफ्टवर मिळणार. त्यानंतर काही विचारायचं तर जेवणाच्या सुट्टीत स्टाफरूमच्या दाराशी उभं राहायचं. मी उभी राहिले. मिस कधी मैदानावर ड्यूटीला, कधी मीटिंगला. एकदाची भेटली तर तिनं मार्किंगचा तक्ता हातात ठेवला. त्यात सर्वांत वरच्या श्रेणीला विश्लेषण ‘सूक्ष्म’ हवं, त्याखाली ‘परिणामकारक’, त्याखाली ‘साधारण’. सूक्ष्म कशाला म्हणतात आणि परिणामकारक कशाला, हे तक्ता सांगत नाही. मिसही सांगेना. ‘टेक्स्टकडे परत जा,’ म्हणाली. अहो, मी त्यातच राहत होते!

दुसऱ्या ड्राफ्टमध्ये मी बाबूराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा आणली. परगावी जात लपवून राहणारा माणूस, ओळख लपवण्याची तीच गत, संग्रह १९६३ चा. बाबांनी खास कपाटातून काढून दिला होता. लेखी शेरा मिळणार नव्हता, म्हणून दाराशी उभ्याउभ्याच तो परिच्छेद मिसला दाखवला. तिनं बोट ठेवून विचारलं, याचा इथं काय संबंध? संबंध होता, हे माझं मत आजही आहे. पण एकाच पुस्तकावरच्या निबंधात दुसरं पुस्तक चालत नाही, हे आधी सांगायला काय हरकत होती? त्या आठवड्यात मी घरात कुणाशी धड बोलले नाही. आई म्हणत होती, ‘दे सोडून, विषय बदल.’ विषय बदलायचा नव्हता, कारण त्या वर्गात तो माझ्याइतका कुणालाच कळला नव्हता.

गाठ सुटली ती पुस्तकाच्या बांधणीकडे बघितल्यावर. सॅलीच्या निवेदनाच्या मध्ये तीन जणांच्या कहाण्या त्यांच्याच तोंडून येतात. आधी आजीचा भाऊ आर्थर, मग आई, शेवटी आजी. सॅलीनं त्या टेपवर बोलून घेतल्या होत्या. मी पेन्सिल घेऊन प्रत्येक महत्त्वाच्या गोष्टीपुढे लिहीत गेले: हे मला कुणी सांगितलं आणि किती उशिरा सांगितलं? मग दिसलं की ‘इंडियन’चा प्रसंग लेखिका मुद्दाम हलकाफुलका ठेवते. त्या वेळी लहान सॅलीला जेवढं कळलं तेवढंच आपल्याला देते. स्वतःला लिहिताना सगळं ठाऊक असून खुलासा करत नाही. आपण हसून पान उलटतो, आणि दोनशे-तीनशे पानांनंतर ग्लॅडिसच्या तोंडून बालगृह येतं तेव्हा त्या थापेचं वजन कळतं. आजी तर शेवटपर्यंत काही गोष्टी सांगतच नाही, आणि लेखिका ते न सांगणंही पुस्तकात तसंच ठेवते.

एवढं आधी लिहिलं आणि १९०५ चा कायदा त्याच्या पोटात दोन वाक्यांत घातला. माहिती जवळजवळ तीच, पण या वेळी रेघ आली नाही. वर्गात बसून लिहिलेल्या अंतिम निबंधाला ‘ए’ मिळाला. मिसनं शाबासकी दिली, मी थँक यू म्हटलं, मनात काय म्हटलं ते इथं लिहीत नाही.

तेव्हा, कागदावर वाक्य सुरू करताना ‘सॅली’ आणि ‘मॉर्गन’ वेगळ्या ठेवा. सॅली ही पुस्तकातली मुलगी, तिच्या बाबतीत गोष्टी घडतात. मॉर्गन लिहिते, लपवते, क्रम लावते. ‘मॉर्गन इथं…’ असं सुरू झालेलं वाक्य आपोआप विश्लेषणाकडे वळतं. हे मला कुणी पहिल्या आठवड्यात सांगितलं असतं तर माझ्या कितीतरी जेवणाच्या सुट्ट्या वाचल्या असत्या.

अजून एक आठवलं. लायब्ररीतून आणताना नीट बघा. मुलांसाठी याच पुस्तकाची तीन भागांत कापलेली आवृत्ती आहे आणि पहिला भाग फक्त सॅलीचा. बाबांनी तोच आणला होता. त्यावर अभ्यास केलात तर आर्थर, ग्लॅडिस आणि डेझी तुमच्या हाती लागणारच नाहीत.

तोंडी सादरीकरण असेल तर फोटो दाखवण्याआधी शिक्षकांना विचारा. बऱ्याच अ‍ॅबोरिजिनल समाजांत वारलेल्या माणसांची नावं आणि चित्रं अशी सहज समोर आणत नाहीत, म्हणून इथं आधी सूचना देण्याची पद्धत आहे.

आणि पुस्तकाची नुसती स्तुती करू नका. जॅकी हगिन्स या अ‍ॅबोरिजिनल इतिहासकार बाईंनी त्यावर कडक टीका केली आहे. गोऱ्या वाचकाला अ‍ॅबोरिजिनल असणं फार सहज समजल्यासारखं वाटतं, असा त्यांचा आक्षेप. तो एका वाक्यात उल्लेखून पुस्तकातल्याच एखाद्या प्रसंगानं पटवा किंवा खोडा. डेझीचा भाग त्याला सगळ्यात उपयोगी, आणि वर्गातली निम्मी मुलं तिथपर्यंत पोचलेलीच नसतात.